ग्रामसभेचं प्रोसिडिंग यंत्र लिहिणार, वहीतलं उत्तरही यंत्रच लिहिणार. मग हरकत कोण घेणार?

मधली_सुट्टी

पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला ‘सभासार’ हे एआय साधन सुरू केलं. ग्रामसभेचा ऑडिओ किंवा व्हिडिओ त्यात टाकला की इतिवृत्ताचा मसुदा तयार होऊन येतो. मागे सरकारचीच ‘भाषिणी’ ही भाषांतराची प्रणाली आहे, सुरुवात त्रिपुरातल्या ग्रामपंचायतींपासून झाली, भाषांच्या यादीत मराठी आहे. डीपफेकवर इथे महिन्याला एक धागा निघतो, यावर एकही दिसला नाही म्हणून काढतेय.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराला मागून जोडलेला विषय, मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतात. त्यात थोडा जीव यावा म्हणून नववीच्या मुलांना मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बसवते आणि काय झालं ते आपल्या शब्दांत लिहून आणायला सांगते. यंदा बऱ्याच वह्यांत एकच वाक्य: ‘ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली व गावाच्या सर्वांगीण विकासावर सखोल चर्चा करण्यात आली.’

मी त्या सभेला होते. नळयोजनेसाठी खणून तसेच ठेवलेल्या चरांवरून दोन वस्त्यांची चांगलीच जुंपली होती. एका बाईंनी ठेकेदाराचं नाव घेतलं आणि माईक गेला. घरकुलाच्या यादीवर हरकत घेणाऱ्या एका म्हाताऱ्यांना ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून खाली बसवलं.

मुलांनी फोनवरून उतरवलं होतं हे उघड आहे. पण नंतर मी ग्रामपंचायतीत जाऊन मागची प्रोसिडिंग चाळली, तर तिथेही हेच वाक्य, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. त्या काळी कुठलं आलंय एआय! यंत्र ही गुळगुळीत मराठी आपल्याचकडून शिकून आलंय आणि आता आपल्या मुलांना परत शिकवतंय.

मला वाटतं शाळेत जे चाललंय आणि ग्रामसभेत जे येऊ घातलंय ती एकच गोष्ट आहे. ‘माझं म्हणणं नोंदवून घ्या’ हे वाक्य भर सभेत उभं राहून म्हणता येणं, एवढं एक जरी माझ्या विषयातून मुलांना मिळालं तरी मी विषय शिकवला असं म्हणेन. ते म्हणायला आधी काय झालं ते आपल्या डोक्यात नीट मांडता यावं लागतं, आणि मांडता येतं ते लिहून लिहूनच. उत्तर आयतं मिळालेलं मूल उद्या मतदार होऊन इतिवृत्ताखाली न वाचता सही करेल, अशी भीती वाटते. तुमचे अनुभव लिहा.

काडेपेटी

ताई, तुमच्याकडे ग्रामसभा खरोखर भरते हे वाचूनच भरून आलं. आमच्याकडे शिपाई वही घेऊन घरोघरी जातो. सह्या झाल्या की सभा झाली. खेळीमेळीच्या वातावरणात.

तहकूब

काडेपेटी, हसलो, पण तुमच्या गावाची अडचण ‘सभासार’मुळेच होणार आहे. यंत्राला आवाज लागतो. कागदावरच्या सभेला आवाज कुठून आणणार?

मी मराठवाड्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे. २०२४ पर्यंत आम्हाला ग्रामसेवक म्हणायचे, नाव बदललं, पगारातून काय फरक पडला ते विचारू नका. माझ्याकडे एकाहून जास्त गावांचा चार्ज आहे. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढी जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. माझी आयडी तिथूनच आली.

आता प्रोसिडिंग कसं लिहितात ते सांगतो. सभा चालू असताना मी फक्त मुद्दे टिपतो. एका हाताने हजेरी, एका हाताने अर्ज घेणं चालू असतं. लिहिणं होतं ते संध्याकाळी, कधी आठवड्याने. आणि लिहिताना सरपंच शेजारी बसलेले असतात. ‘हे कशाला लिहिता, भांडणं लावता का गावात?’ हे वाक्य ऐकलं नाही असा आमच्यातला माणूस मला दाखवा. ‘सखोल चर्चा झाली’ हे मधली सुट्टीताईंना आळसाचं वाटलं असेल. ते आमचं संरक्षण आहे. त्यात कुणाचं नाव येत नाही, म्हणून कुणी अंगावर येत नाही.

मी ‘सभासार’ अजून वापरलेलं नाही. फोनवरच्या एका साध्या अ‍ॅपात एक सभा ध्वनिमुद्रित करून बघितली. फोन टेबलावर होता, म्हणून सरपंच, उपसरपंच आणि मी एवढीच माणसं सभेत बोलली असं त्यातून दिसलं. बाया मागे देवळाच्या भिंतीला टेकून बसतात, त्यांच्यातलं एक अक्षर उतरलं नाही. दोघंतिघं एकदम बोलायला लागले की यंत्र गप्प, आणि आमच्याकडे महत्त्वाचं जे काही असतं ते सगळे एकदमच बोलतात. घरकुलाच्या हरकतीचं झालं ‘काही ग्रामस्थांनी मौलिक सूचना केल्या’.

तरीही मला ते हवं आहे. कारण दाब आला तर मी म्हणू शकतो, मी नाही लिहिलं, यंत्राने लिहिलं.

वेलांटी

तहकूबराव, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. ‘मी नाही लिहिलं’ हे सांगता येणं ही सोय आहे की संकट?

मी विधानमंडळात प्रतिवेदक होते, आता निवृत्त. आम्ही सभागृहात बसून लघुलिपीत शब्द न् शब्द घ्यायचो. थोड्या थोड्या मिनिटांनी पाळी बदलायची, बाहेर येऊन आपला भाग उतरवायचा, पुन्हा आत. गोंधळ झाला तर ‘गोंधळ’ असंच कंसात लिहायचं, त्याची ‘सखोल चर्चा’ होत नसे. एखादा शब्द कामकाजातून काढायचा झाला तर तो अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांचा. ते मोठ्याने सांगायचे, सगळ्यांना कळायचं की काहीतरी काढलं गेलंय. काढणाऱ्याला तोंड होतं.

सारांश करणारं यंत्र रोज, प्रत्येक वाक्याला, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवतं, आणि काढलं याची खूणही ठेवत नाही. ग्रामसभेला प्रतिवेदक देणं परवडणार नाही हे मान्य. पण मग यंत्राकडून सारांश कशाला घेता? शब्दशः उतारा घ्या आणि सारांश माणसाने करावा. खाली त्याची सही असावी.

बायनरीबाबा

वेलांटीताईंशी तांत्रिक बाजूनेही सहमत. सारांश करणारी मॉडेलं जे जास्त वेळा आणि जास्त ठाशीव बोललं गेलं त्याला महत्त्व देतात. सभेत शंभर जणांनी माना डोलावल्या आणि एकाने विरोध केला तर विरोध ‘किरकोळ’ ठरतो. लोकशाहीच्या नोंदीत नेमका तोच एक लागतो. शिवाय या मॉडेलांना सौम्य, सगळ्यांना बरं वाटेल असं बोलायची सवय मुद्दाम लावलेली असते. ग्राहकसेवेत ते ठीक आहे.

उपाय अवघड नाहीत. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर ऑडिओतली वेळ द्यायची, की दाबलं की मूळ आवाज ऐकू यावा. आणि ‘हरकती’ असा वेगळा रकाना सक्तीचा करायचा, हरकत नसेल तर ‘नाही’ असं माणसाने लिहायचं.

शाळेबद्दल मात्र मी ताईंइतका निराश नाही. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे हजार मुलांवर प्रयोग झाला होता. गणिताच्या सरावाला ज्यांना साधं जीपीटी-४ दिलं त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण मदत काढून परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना कधीच काही दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. एवढंच सगळे सांगतात. तिसरा गट होता, त्यांना उत्तर न देता फक्त इशारे देणारं मॉडेल दिलं होतं. त्यांचं नुकसान जवळपास झालंच नाही. म्हणजे यंत्र तेच, बांधणी वेगळी.

मधली_सुट्टी

बाबा, प्रयोग पटला. पण इशारे देणारं यंत्र मुलाने घ्यायचं आणि उत्तर देणारं शेजारच्या खिडकीत उघडं ठेवायचं नाही, याची जबाबदारी कुणाची? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या शिक्षण-पाहणीच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आहे. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. माझ्या वर्गात ‘असर’वाले आले तर आकडे फार वेगळे निघणार नाहीत.

ऊन_सावली

मला या धाग्याचा सूर थोडा खटकतोय. सगळे लिहिता येणारे लोक लिहिण्याचं महत्त्व सांगतायत.

मी पुण्यात राहून एमपीएससी करतेय. गावाकडे आईच्या नावावरच्या जमिनीच्या फेरफाराचं काम अडकलं होतं. पूर्वी असं काही झालं की तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडे जायचं, तो मागेल ते द्यायचं, आणि आपल्याच अर्जात काय लिहिलंय ते त्याला विचारायची भीती वाटायची. मी या वेळी चॅटजीपीटीला सगळं सांगितलं आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घेतला. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा हवा, तेही त्याला सांगितलं, त्याने बसवून दिलं. दहा रुपयांचं तिकीट लावलं. उत्तर मुदतीत आलं.

आईला मी तो अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मला हेच म्हणायचं होतं, पण असं म्हणता येत नव्हतं.’ आता सांगा, इथे यंत्राने लोकशाही कमी केली का? ज्याला कधी उभंच राहू दिलं नाही त्याला उभं राहायला काठी मिळाली. काठीने पायातली ताकद जाते हे भाषण, ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी द्यावं हे मला पटत नाही.

वेलांटी

ऊन_सावली, पटलं. तुमच्या आईंना अर्ज वाचून दाखवलात ही त्यातली खरी गोष्ट. अर्जनविसाने ती कधी केली नव्हती.

तहकूब

ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि आता टेबलाच्या या बाजूचं ऐका. आमच्याकडे येणारे तक्रारअर्ज वर्षभरात एकदम हुशार झालेत. प्रत्येकात कलमं, शासन निर्णयांचे क्रमांक, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे. शोधायला गेलं तर त्या क्रमांकाचा शासन निर्णयच नसतो. मग मी ‘सदर संदर्भ आढळून आला नाही’ म्हणून निकाली काढतो, आणि त्यात माणसाची मूळ तक्रार, जी खरी असते, तीही जाते. गटार तुंबलंय एवढं एका ओळीत लिहिलं असतं तर मला टाळता आलं नसतं.

आणि आमच्या बाजूची माणसंही तेच करतायत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने बजावलं की एआयच्या काळात यंत्राने दिलेल्या निकालांवर आंधळा भरवसा ठेवता येणार नाही, आधी तपासा. ती कंपनी होती, वकील लावून उच्च न्यायालयात गेली. पेन्शन बंद झालेली म्हातारी कुठे जाणार?

काडेपेटी

थोडक्यात, अर्ज यंत्र लिहिणार, उत्तर यंत्र देणार, आणि दोघांनाही गटार तुंबल्याचा वास येणार नाही.

दख्खनी

पेन्शनचा विषय निघाला म्हणून. मी हैदराबादला असतो. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कोण रेशनला पात्र आणि कोण नाही ते शोधते. एखाद्याच्या नावावर गाडी दिसली की शिधापत्रिका बाद, मग ती गाडी नावसाधर्म्यामुळे भलत्याचीच का असेना. राज्य झाल्यानंतरच्या पाचेक वर्षांत सुमारे १९ लाख कार्डं रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये घरी जाऊन फेरतपासणी करायचा आदेश निघाला. कार्ड गेलं हे बहुतेकांना रेशन दुकानात अंगठा लावताना कळलं. आधी नोटीस नाही, म्हणून हरकत घ्यायची जागाच नाही. मधली सुट्टीताई ज्याला घाबरतायत ते हेच असावं.

लीड्सकर

हरकतीवरून इथलं, इंग्लंडमधलं, एक उदाहरण. २०२० मध्ये कोविडमुळे ए-लेव्हलच्या (इथल्या बारावीच्या) परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या आणि ऑफक्वाल या नियामकाने त्या सूत्रातून काढून ‘नीट’ केल्या. सूत्रात शाळेचा मागचा निकाल धरला होता. १३ ऑगस्टला निकाल लागले, इंग्लंडमधल्या जवळपास ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आलेल्या. लहान वर्गांना सूत्र लावायचं नाही असं ठरलं होतं, आणि लहान वर्ग असतात खाजगी शाळांत. म्हणजे गरीब वस्तीतल्या शाळेतली हुशार मुलगी आपल्या आधीच्या बॅचमुळे खाली ढकलली गेली.

मुलं रस्त्यावर आली. हातातल्या फलकांवर अल्गोरिदमला अस्सल शिवी. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली, शिक्षकांच्या श्रेणी कायम केल्या. सुट्टीचे दिवस धरून चार दिवस!

बायनरीबाबा

लीड्सकर, एक दुरुस्ती. ते एआय नव्हतं, साधं संख्याशास्त्रीय सूत्र होतं. ऑफक्वालने ते छापूनही ठेवलं होतं.

लीड्सकर

बाबा, म्हणूनच तर चार दिवसांत उलटवता आलं. ‘माझ्या शाळेचा मागचा निकाल का धरला?’ असं बोट ठेवता आलं. आज हेच काम एखाद्या मोठ्या मॉडेलने केलं असतं तर मुलांनी फलकावर काय लिहिलं असतं?

सोमवारी_सुट्टी

एवढी चर्चा आणि बनावट आवाजांबद्दल कुणीच नाही? १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाची पूर्वसंध्या, बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याबद्दलच्या ध्वनिफिती. सुप्रिया सुळे यांनी आपला आवाज नाही म्हणून सायबर तक्रार केली, तपासणी करणाऱ्यांनी त्या फिती एआयने बनवल्याची शक्यता सांगितली, तोवर सगळ्यांच्या फोनवर जाऊन पोचल्या होत्या. प्रचार बंद असतो त्या ४८ तासांत उत्तर तरी कसं द्यायचं? स्लोव्हाकियात २०२३ ला अगदी असंच झालं होतं, मतदानाच्या दोन दिवस आधी.

काडेपेटी

आणि उलटंही. तमिळनाडूच्या तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी २०२३ मध्ये आपल्या नावावरच्या फिती बनावट म्हणून झटकल्या. नंतर पत्रकारांनी तज्ज्ञांकडे पाठवल्या तर त्यातली एक खरी असल्याचं मत आलं. आता कुणीही काहीही बोलावं आणि ‘तो मी नव्हेच’ म्हणावं.

मधली_सुट्टी

विषय महत्त्वाचा आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा. इथे पक्ष आले की पुढचे दोनशे प्रतिसाद कशावर असतील ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कोरचीची_वाट

गडचिरोलीत काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पहिली भाषेची. आमच्याकडच्या सभा गोंडीत चालतात, मध्येच मराठी, मध्येच छत्तीसगढी. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे अशा सोयी तिच्यापर्यंत नेहमी शेवटी येतात. आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ आणलं, त्यात गोंडी आणि भिली आहेत, ही चांगली गोष्ट. पण ते भाषांतराचं साधन आहे, आणि पन्नास माणसांची गलबललेली सभा भाषांतराच्या साधनाला झेपत नाही. तोवर मराठीत बोललेलं तेवढं नोंदलं जाणार. मराठीत कोण बोलतं? बाहेरून आलेला अधिकारी.

दुसरी इथल्याच मेंढा-लेखा गावाची. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेही माहीत असतं. त्यांचा अभ्यासगट मात्र कुणाला आठवत नाही. निर्णय घेते ग्रामसभा, तोही सर्वसहमतीने, पण त्याआधी अभ्यासगट बसतो. कायदा वाचतात, बाहेरच्या माणसाला बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात. त्या गटाने ठराव करायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं. म्हणजे गावात शाळा आणि सभा अशा दोन खोल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दार आहे. यंत्र आणायचंच असेल तर या पहिल्या खोलीत आणा. तिथे चुकलं तरी चालतं, कुणीतरी ‘हे असं नसतं’ म्हणेल. थेट दुसऱ्या खोलीत नको.

ऊन_सावली

हे आवडलं. माझ्या अर्जाच्या वेळी आई आणि मी बसलो होतो तीही पहिलीच खोली.

मधली_सुट्टी

कोरचीताई, तुमचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवणार आहे.

एक ठरवलंय, त्यावर तहकूबरावांचं मत हवं. २ ऑक्टोबरच्या सभेत मुलांनी प्रत्यक्ष काय ऐकलं ते मी त्यांच्याकडून तोंडी काढून घेतलं, फोन बाजूला ठेवून. तोंडी विचारल्यावर सगळं आलं. माईक गेल्याचं आलं, ठेकेदाराचं नाव आलं, म्हातारे आजोबा कुठल्या पायरीवर बसले ते आलं. आता तीन गोष्टी शेजारी मांडायच्या: मुलांची तोंडी नोंद, फोनने दिलेला परिच्छेद, आणि पंचायतीतल्या प्रोसिडिंगची नक्कल. कुठे काय गळलं ते मुलांनी लाल पेनने दाखवायचं. त्यानंतर २६ जानेवारीच्या सभेत ते मांडायचं. हे नियमात बसतं का?

तहकूब

बसतं. अजेंड्यावर विषय क्रमांक १ नेहमी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो. माझ्या नोकरीत त्यावर कुणी तोंड उघडल्याचं आठवत नाही. ‘कायम करायचं का?’ ‘हो.’ झालं. हरकत घ्यायची ती तिथेच घ्यायची, विषय २ सुरू झाला की वेळ गेली.

दोन अडचणी. मुलं मतदार नाहीत, म्हणून ग्रामसभेची सभासद नाहीत. हरकत आईबापांपैकी कुणीतरी घ्यावी लागेल आणि लेखी द्यावी लागेल. दुसरं, नक्कल मागितली की सरपंचांना कळणार. तुमच्या शाळेच्या संस्थेवर त्यांचं कुणी आहे का ते आधी बघा.

मधली_सुट्टी

आहे. मेहुणे.

काडेपेटी

खेळीमेळीच्या वातावरणासाठी शुभेच्छा.

वेलांटी

नक्कल तुम्ही मागू नका, आजोबांनाच मागू द्या, हरकत त्यांचीच होती. अर्ज ऊन_सावली लिहून देईल. आणि पोच घ्यायला विसरू नका, तारखेसकट.